‘लोड लेटर’ : एका जिनिंगच्या कार्यालयात अडकलेल्या हिशोबपट्ट्यांचे प्रकरण

दिवाळी उलटली की खानदेशात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर रात्रीपासूनच रांगेला लागतात. भरलेल्या गाडीचे काट्यावर वजन होते, माल खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, मधल्या वेळात ओलावा पाहून भाव ठरतो, आणि शेवटी कार्यालयाच्या खिडकीतून शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. निव्वळ वजन, भाव, हमाली आणि देय रक्कम हे सगळे त्या एका कागदावर असते. तो हातात आल्याशिवाय कोणी ट्रॅक्टर सुरू करत नाही आणि त्याने तसे करू नये हेच बरोबर आहे. धरणगाव परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ऐन हंगामात नेमका हाच कागद निघेनासा झाला, आणि संगणक व प्रिंटरांची देखभाल करणारा म्हणून मला जळगावहून बोलावणे आले.

कार्यालयात तीन संगणक होते. एक ऑपरेटर ताईंचा, दुसरा आप्पांचा, म्हणजे तेथील जुन्या मुनीमजींचा, आणि तिसरा वजनकाट्याच्या खोलीतला. तिन्हींसाठी मिळून त्याच वर्षी घेतलेला एक लेझर प्रिंटर नेटवर्कवर जोडलेला होता. तक्रार अशी होती की हा प्रिंटर मधूनच थांबतो, त्याचा नारिंगी दिवा लागतो, पडद्यावर ‘लोड लेटर’ असा संदेश येतो आणि कोणी जाऊन बटण दाबेपर्यंत तो हलत नाही. बटण दाबले की ट्रेमधल्या त्याच ए४ कागदावर पट्टी मुकाट्याने छापली जाते. प्रिंटर सामाईक असल्यामुळे एक काम अडकले की त्याच्या मागे काट्याच्या खोलीतून आणि आप्पांकडून आलेली कामेही अडकत. त्यामुळे अखेरीस एका शिपायाला दिवसभर प्रिंटरशेजारी स्टुलावर बसवून बटण दाबण्याचे काम देण्यात आले होते. खिडकीबाहेरून दर पाच मिनिटांनी “आप्पा, पट्टी व्हयनी का?” अशी विचारणा होत होती, आणि त्या विचारणेला दिलेले प्रत्येक उत्तर त्या शिपायाच्या बोटावर अवलंबून होते.

मी पोहोचण्यापूर्वी झालेले उपाय

आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने कागद ओढणारे रोलर बदलले होते, ड्रायव्हर, म्हणजे संगणक ज्याच्यामार्फत प्रिंटरशी बोलतो तो प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला होता आणि नेटवर्कची केबल नवी लावली होती. यापैकी एकही उपाय दुखण्याच्या जागी पोहोचत नव्हता, परंतु त्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. यंत्र थांबते तेव्हा सर्वांचे डोळे यंत्राकडेच जातात.

कार्यालयातील मंडळींनी स्वतः केलेला उपाय मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ‘लोड लेटर’ या शब्दांचा त्यांनी आपल्या रोजच्या भाषेतला अर्थ लावला. मराठी कार्यालयात लेटर म्हणजे पत्र, आणि पत्र छापायचा कागद म्हणजे लेटरहेड. प्रिंटर लेटर मागतो आहे म्हणून त्यांनी ट्रेमध्ये कारखान्याचे छापील लेटरहेड भरले. प्रिंटर अर्थातच पुन्हा थांबला, कारण लेटरहेडही ए४ आकाराचेच होते. बटण दाबल्यावर एका शेतकऱ्याची पट्टी रंगीत लेटरहेडवर छापून आली आणि मागचे चारपाच जण आम्हालाही तसलीच द्या म्हणू लागले. या गमतीचा उपयोग असा झाला की संदेशाचा खरा अर्थ कोणालाच ठाऊक नाही, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळले.

येथे ‘लेटर’ हे कागदाच्या मापाचे नाव आहे. अमेरिका आणि कॅनडात रोजच्या वापरात असलेला हा कागद ८.५ इंच रुंद आणि ११ इंच उंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर असतो. आपल्याकडे दुकानात मिळणारा ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. म्हणजे लेटर हा ए४ पेक्षा ५.९ मिलिमीटर रुंद आणि १७.६ मिलिमीटर आखूड आहे. हातात घेतल्यास फरक चटकन जाणवत नाही, परंतु कामाबरोबर आलेली सूचना आणि ट्रेची नोंद जुळत नसेल तर नव्या प्रकारचे प्रिंटर छपाई सुरूच करत नाहीत. प्रिंटर त्या कार्यालयाकडे असा कागद मागत होता, जो धरणगावात काय, जळगावच्या बाजारातही सहज विकत मिळाला नसता.

तपास

मी पहिला प्रश्न विचारला तो असा की सगळ्याच छपाईला हा अडथळा येतो का. ताईंनी विचार करून सांगितले की वर्डमधली पत्रे नीट निघतात, पीडीएफ बहुतेक नीट निघतात, अडतात त्या एक्सेलच्या शीट, आणि त्याही सगळ्या नाहीत. या एका उत्तराने प्रिंटर, रोलर, केबल आणि ड्रायव्हर हे सर्व संशयाच्या यादीतून जवळजवळ बाहेर पडले. यंत्र बिघडलेले असते तर त्याने वर्ड आणि एक्सेल असा भेदभाव केला नसता.

त्यानंतर प्रिंटर पूर्णपणे बाजूला ठेवला. अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या अशा काही शीट घेऊन त्या एक्सेलमधूनच पीडीएफ म्हणून साठवल्या आणि प्रत्येक पीडीएफच्या गुणधर्मांत पानाचे माप पाहिले. न अडणाऱ्यांचे माप २१० बाय २९७ होते, अडणाऱ्यांचे २१५.९ बाय २७९.४. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि समोरच्या माणसाला डोळ्यांनी पटते. मग एक्सेलमध्येच पेज लेआउट या टॅबवरील साइझ उघडून दाखवले तेव्हा आप्पांनी चष्मा पुढे ओढून विचारले, “म्हणजे हे मागणं प्रिंटरचं नाही, आपल्या शीटचं आहे?”

प्रकरणाचा गाभा आप्पांच्या या प्रश्नात आला होता. एक्सेलमध्ये कागदाचा आकार, मार्जिन, उभे-आडवे आणि छपाईची गुणवत्ता या गोष्टी प्रिंटरपाशी राहत नाहीत, संपूर्ण फाइललाही एकदाच लागू होत नाहीत, तर फाइलमधल्या प्रत्येक टॅबबरोबर, म्हणजे प्रत्येक शीटबरोबर, स्वतंत्रपणे साठवल्या जातात. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइल, ही आतून एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचे गाठोडे असते. तिची प्रत काढून, नावाचे शेपूट ‘झिप’ असे बदलून ती उघडली की प्रत्येक शीटच्या मजकुरात पेज सेटअपची एक ओळ सापडते आणि तीत कागद आकड्याने लिहिलेला असतो. लेटरसाठी १, लीगलसाठी ५, ए३ साठी ८ आणि ए४ साठी ९. अडणाऱ्या पट्ट्यांमध्ये तेथे १ होता. विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये तुम्ही कितीही वेळा ए४ निवडा, शीटने स्वतःच १ सांगितलेला असेल तर प्रिंटरकडे लेटरचीच मागणी जाते. आधीच्या तंत्रज्ञाने विंडोजमध्ये ए४ निवडलेही होते. त्याचा उपयोग न होण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण असे की त्याने ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये बदल केला होता, जो त्या त्या लॉगिनपुरताच असतो, आणि तो स्वतः ज्या लॉगिनने बसला होता त्याने ताई कधीच काम करत नव्हत्या. संगणकावरील सर्वांसाठी बदल करायचा तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवरील ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’पर्यंत जावे लागते.

मग प्रश्न उरला की या शीटमध्ये लेटर आला कोठून, आणि तो याच वर्षी का बोचू लागला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. जुना प्रिंटर एकाच ट्रेचा आणि साधा होता. तो आलेल्या कामाचा आकार न तपासता समोरच्या कागदावर छापत असे. म्हणजे चुकीचे माप लिहिलेल्या शीट कित्येक वर्षे त्या कार्यालयात सुखाने नांदत होत्या, आणि नव्या काटेकोर प्रिंटरने पहिल्यांदा त्यांच्याकडे बोट दाखवले.

लेटर कोठून आला, याला एक उत्तर नव्हते. वेगवेगळ्या वाटांनी आलेले कागद येथे एकत्र झाले होते. ताईंचा संगणक नवा होता आणि विक्रेत्याने विंडोज टाकताना प्रदेश ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असाच ठेवला होता. त्या अवस्थेत प्रिंटर जोडला गेल्याने ड्रायव्हरचा मूळ कागदही लेटर झाला, आणि एक्सेलची नवी कोरी शीट आपला आकार त्याच्याकडून उचलते. काट्याचे सॉफ्टवेअर दिवसाचा अहवाल एक्सेल फाइल म्हणून काढत असे आणि त्यात लेटरच लिहिलेले येत असे, संगणकाचा प्रदेश काहीही असो. त्याखेरीज जुन्या फाइली होत्या. ताई दर हंगामाला नवी फाइल करत नसत. गेल्या वर्षीची फाइल उघडून ‘सेव्ह अॅज’ करत, जुने आकडे पुसत आणि नवे भरत. सगळीकडे असेच चालते आणि त्यात सोय आहेच, परंतु आकडे पुसले तरी पेज सेटअप पुसला जात नाही. घरच्या सरकीसारखा तो वर्षानुवर्षे पुढच्या पेरणीत उतरत राहतो.

शेवटची वाट मला स्वतःलाही बुचकळ्यात टाकून गेली. जळगावच्या लेखापरीक्षकांच्या कार्यालयातून आलेली एक फाइल होती. तिच्या तिन्ही टॅबचा आकार ए४ असूनही एका टॅबपाशी प्रिंटर थांबत होता. संदेशही वेगळा होता, तो हाताने कागद घालायला सांगत होता. एक्सेल कागदाच्या आकड्याबरोबरच ज्या प्रिंटरवर शीटची मांडणी झाली त्याच्या ड्रायव्हरची बरीचशी माहिती फाइलमध्ये जोडून ठेवते. झिप उघडली की ‘प्रिंटरसेटिंग्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये ती दिसते. कोणता ट्रे, एका बाजूने की दोन बाजूंनी, हे त्यात असते. पाठवणाऱ्याने कधीतरी जाड कागद हाताने घालून तो टॅब छापला असावा आणि ती सूचना फाइलबरोबर प्रवास करत येथे आली होती. पेज सेटअपच्या खिडकीतील ऑप्शन्स बटणाने ड्रायव्हरची खिडकी उघडून ट्रे ‘ऑटोमॅटिक’ केला आणि फाइल साठवली तेव्हा तो टॅब शांत झाला.

प्रिंटरलाच गप्प बसवण्याचा मार्ग

येथपर्यंत आल्यावर कारखान्याच्या मालकांनी व्यवहारी प्रश्न केला. बाहेर गाड्या उभ्या आहेत, एवढ्या फाइली दुरुस्त करण्यापेक्षा प्रिंटरलाच ए४ आणि लेटर एकच समज असे सांगता येत नाही का? सांगता येते. अनेक लेझर प्रिंटरांच्या मेनूमध्ये लेटरच्या जागी ए४ वापरण्याची मुभा देणारे सेटिंग असते आणि त्या प्रिंटरमध्येही ते होते. त्या दिवसापुरते मी ते चालू करून दिले, शिपाई स्टुलावरून उठला आणि रांग सरकू लागली. परंतु तेवढ्यावर थांबण्यास मी तयार नव्हतो, आणि त्याचे कारण संध्याकाळच्या आतच समोर आले.

पट्टीवर स्तंभ पुष्कळ होते, म्हणून ताईंनी कधीकाळी मार्जिन ‘नॅरो’ केले होते. नॅरोमध्ये डावे-उजवे मार्जिन प्रत्येकी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. मजकूर लेटरच्या रुंदीसाठी मांडलेला आणि कागद ए४ चा, म्हणजे उजवीकडे ५.९ मिलिमीटर कमी. हा प्रिंटर मजकूर डाव्या कडेपासून जसाच्या तसा उमटवत होता, त्यामुळे उजव्या बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर उरत होता, आणि कडेचा सुमारे ४ मिलिमीटरचा पट्टा लेझर प्रिंटर छापूच शकत नाही. त्या पट्ट्यात सापडला तो अगदी उजवीकडचा स्तंभ, देय रकमेचा. पैशांचे दशांश दाखवणे बंद केलेले असल्याने कापले गेले ते रुपयांचे अंक. ४८,३६० रुपयांच्या पट्टीवर शेवटचे शून्य पूर्ण गेले आणि त्याआधीचा सहा अर्धा राहिला. स्वल्पविरामानंतर तीन आकडे नाहीत हे आप्पांच्या सरावलेल्या डोळ्यांनी टिपले आणि पट्टी खिडकीबाहेर जाण्यापूर्वीच थांबली. शिपायाने बटण दाबून छापलेल्या आधीच्या पट्ट्यांतही हे होतच असणार, पण त्या वेगळ्या नमुन्यावर होत्या आणि त्यांचा शेवटचा स्तंभ सहीचा होता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते.

प्रिंटर थांबतो तेव्हा त्रास होतो, परंतु चूक दिसते. प्रिंटरला गप्प केले की त्रास थांबतो आणि चूक कागदावर उतरते. हिशोबाच्या कागदासाठी मी पहिला प्रकार पत्करीन. म्हणून ते सेटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद करून मूळ दुरुस्ती हाती घेतली.

केलेले बदल

सर्वांत आधी प्रदेश बदलला, आणि तो काम संपल्यानंतर रात्री बदलला. विंडोजमधील प्रदेशाचे स्वरूप ‘इंग्लिश (इंडिया)’ केल्याने त्या संगणकाचा प्रमाण कागद ए४ ठरतो आणि रकमांना लाख-कोटींचे स्वल्पविराम मिळतात, हे दोन फायदे आहेत. पण त्याच्याबरोबर तारखेचा क्रमही बदलतो. अमेरिकी क्रमात महिना आधी आणि दिवस नंतर असतो. काट्याचे सॉफ्टवेअर एक्सेल अहवालाखेरीज सीएसव्ही फाइलही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, देत असे आणि तिच्यात तारीख अक्षरांच्या रूपात महिना-आधी क्रमाने येत असे. प्रदेश बदलल्यावर अशी फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर ५ नोव्हेंबरचे वजन ११ मे या तारखेवर जाऊन बसते, आणि १३ नोव्हेंबरसारखी तारीख तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. कागदाची चूक दुरुस्त करताना हिशोबात तारखांची चूक पेरणे परवडणारे नव्हते. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा करून घेतला, दोन दिवसांच्या फाइली उघडून काट्याच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या आणि मगच पुढे गेलो. ज्यांना हाच बदल करायचा असेल त्यांनी या टप्प्यावर घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्सेलमध्ये अॅडव्हान्स्ड पर्यायांखाली ए४ आणि ८.५ बाय ११ इंच या दोन मापांमध्ये मजकूर जुळवून घेणारा एक पर्याय असतो आणि तो सहसा चालूच असतो. तो येथेही चालू होता. मग त्याने आधी मदत का केली नाही, हा प्रश्न मला आप्पांच्या मुलाने विचारला आणि तो योग्य होता. हा पर्याय परदेशी मापाची शीट आपल्या देशाच्या प्रमाण मापावर वळवतो. पण संगणकाच्या समजुतीनुसार आपला देशच अमेरिका असेल तर लेटर हेच घरचे माप ठरते आणि वळवायला काही उरत नाही. प्रदेश बदलल्यानंतर बाहेरून आलेल्या काही फाइली या पर्यायामुळे आपोआप सुरळीत निघू लागल्या. तरीही त्याच्यावर भिस्त ठेवली नाही, कारण तो फक्त छपाईपुरता जुळवून घेतो, फाइलमधला आकडा बदलत नाही. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की दुखणे तिच्याबरोबर जाते.

त्यानंतर नव्या शीटचा उगम दुरुस्त केला. एक कोरी वर्कबुक घेऊन तिच्यात कागद ए४, मार्जिन ‘नॉर्मल’, रुंदीत एक पान आणि उंचीचा रकाना मोकळा असे ठेवले. उंचीतही एक लिहिले असते तर दोनशे गाड्यांची यादी एका पानात कोंबली जाऊन मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे आली असती. वरच्या शीर्षकाच्या ओळी प्रत्येक पानावर येतील अशी व्यवस्था केली. ही फाइल ‘बुक’ या नावाने आणि एकाच टॅबची तशीच दुसरी फाइल ‘शीट’ या नावाने, दोन्ही एक्सएलटीएक्स या टेम्पलेट प्रकारात, एक्सेलच्या ‘एक्सएलस्टार्ट’ फोल्डरमध्ये ठेवली. पहिली नव्या वर्कबुकसाठी आणि दुसरी चालू वर्कबुकमध्ये घातलेल्या नव्या टॅबसाठी लागते. दुसरी विसरली तर अधिक चिन्हावर क्लिक करून घातलेला टॅब पुन्हा जुन्या वळणावर जातो.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी ताईंची नवी फाइल टेम्पलेटप्रमाणे निघाली नाही. शोध घेतला तेव्हा कळले की एक्सेल २०१३ पासून सुरुवातीला जो स्वागताचा पडदा येतो त्यावरील ‘ब्लँक वर्कबुक’ हे चित्र आपल्या टेम्पलेटकडे पाहत नाही. कंट्रोल आणि एन दाबून उघडलेली वर्कबुक मात्र त्यावरून निघते. पर्यायांमध्ये जाऊन तो पडदा बंद केला. ताईंची आणखी एक सवय होती, डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून तेथूनच नवी एक्सेल फाइल तयार करण्याची. ती फाइल विंडोज स्वतःकडच्या वेगळ्या नमुन्यावरून बनवते. ती सवय मोडण्यासाठी डेस्कटॉपवर ‘कोरी पट्टी’ नावाचे टेम्पलेट ठेवले. त्यावर दोनदा क्लिक केले की मूळ फाइलला धक्का न लागता नवी प्रत उघडते.

काट्याच्या खोलीत एक्सेल नव्हते, लिब्रेऑफिस होते. तेथे कागदाचा आकार ‘पेज स्टाइल’मध्ये राहतो. मूळ पेज स्टाइलमध्ये ए४ निवडून ती फाइल टेम्पलेट म्हणून साठवली आणि तिलाच डिफॉल्ट केले. दस्तऐवजाबरोबर आलेली प्रिंटर सेटिंगही उचलण्याचा जो पर्याय लोड-सेव्हच्या भागात असतो तो बंद केला. तेथे काम वीस मिनिटांत आटोपले. सॉफ्टवेअरच्या अहवालाचे मात्र विक्रेत्याशी फोनवर बरेच बोलणे करावे लागले. अहवालाच्या नमुन्यातील कागदाचा आकडा १ चा ९ करा, एवढीच मागणी होती. ती पूर्ण होण्यास काही दिवस गेले, आणि तोपर्यंत ताई अहवाल छापण्याआधी आकार हाताने बदलत होत्या.

जुन्या फाइलींचे काम सर्वांत कंटाळवाणे होते. चारदोन फाइली असत्या तर टॅबवर उजवे बटण दाबून सगळे टॅब एकत्र निवडायचे आणि पेज सेटअपच्या खिडकीतून एकदाच ए४ करायचे, एवढे पुरे होते. मात्र त्यानंतर निवड सोडायला विसरू नये, नाही तर एका टॅबमध्ये लिहिलेला आकडा सगळ्या टॅबमध्ये त्याच जागी उमटतो. येथे कित्येक हंगामांची फोल्डरे होती. आधी सर्वांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग एक छोटी मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून तेच ते काम आपोआप करून घेणारा आज्ञासंच, लिहून प्रत्येक फाइलच्या प्रत्येक टॅबचा आकार तपासला. जेथे १ होता तेथे ९ केला. जेथे ५ होता, म्हणजे लीगल, तेथे हात लावला नाही, कारण साठ्याचे वार्षिक नोंदपत्र आप्पा लांब कागदावरच छापतात आणि ते ए४ वर दाबून बसवण्याचे काही कारण नव्हते. पहिल्या वेळी मॅक्रो बैलगाडीच्या चालीने गेली, कारण पेज सेटअपमधील प्रत्येक बदलासाठी एक्सेल प्रिंटरशी बोलत राहते. एक्सेल २०१० पासून हा संवाद काही काळ थांबवण्यासाठी ‘प्रिंटकम्युनिकेशन’ हा गुणधर्म मिळाला आहे. तो बंद करून, बदल करून, पुन्हा चालू केल्यावर काम भराभर उरकले.

त्याच मॅक्रोत छपाईची गुणवत्ताही एकसारखी केली. आप्पांची तक्रार होती की पूर्ण वर्कबुक छापायला दिली की दोन्ही बाजूंनी छपाई मध्येच तुटते आणि नवा टॅब नव्या कागदावर सुरू होतो. काही टॅबमध्ये ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) आणि काहींमध्ये वेगळा आकडा असल्याने एक्सेल त्यांची वेगवेगळी कामे करून पाठवत होते. आकडे सारखे झाल्यावर ते एकत्र जाऊ लागले.

मार्जिन नॉर्मल केल्याने पट्टीचे स्तंभ रुंदीत एका पानाच्या मर्यादेमुळे किंचित बारीक झाले. भरलेले वजन आणि रिकामे वजन हे दोन स्तंभ लहान करून ती कसर भरून काढली. देय रकमेचा स्तंभ शेवटी ठेवू नये, त्याच्या उजवीकडे सहीचा रिकामा स्तंभ असावा, ही सूचना आप्पांची होती. कडेला काही कापले गेलेच तर कोरी जागा कापली जाईल, रक्कम नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मी इतर ठिकाणीही वापरू लागलो आहे.

प्रिंटरच्या बाजूला फारसे करायचे नव्हते. ट्रेमधील सरकत्या पट्ट्या ए४ च्या खुणेवर नीट बसवल्या, मेनूमध्ये त्या ट्रेचा आकार ए४ नोंदवला आणि तिन्ही संगणकांवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये तोच आकार दिला.

नंतर

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा स्टूल काट्याच्या खोलीत गेले होते आणि शिपाई पूर्वीच्या कामावर. थांबण्याचा प्रकार पूर्ण संपला नव्हता. एका दलालाकडून मोबाइलवर आलेली सौद्याची शीट त्याच सकाळी अडली होती. ताईंनी प्रिंटरकडे न जाता आधी काम रद्द केले, शीट उघडून साइझ पाहिला, ए४ केला, प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये शेवटचा स्तंभ तपासला आणि पुन्हा पाठवली. प्रिंटरवर त्यांनी कागदाची एक चिठ्ठी चिकटवली होती : ‘लेटर म्हणजे लेटरहेड नाही. बटण दाबू नका. मला सांगा.’